रात्री पावणेअकराचं कुलूप: प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

नाशिकच्या घराला वायरलेस कुलूप बसवून आज महिना झाला. नोंदी आजपासून ठेवतोय, कारण कालपर्यंत सगळं सुरळीत होतं आणि सुरळीत गोष्टींच्या नोंदी कोणी ठेवत नाही.

मांडणी अशी. हॉलच्या कोपऱ्यात टीव्हीखाली रास्पबेरी पाय ४ हा छोटासा संगणक. त्यावर दोन सॉफ्टवेअर: नियम चालवणारं होम असिस्टंट, आणि झिगबी ह्या वायरलेस पद्धतीच्या उपकरणांशी बोलणारं झिगबीटूएमक्यूटीटी. पायच्या यूएसबीला लावलेला डोंगल, म्हणजे रेडिओची काडी, हा झिगबी जाळ्याचा मुख्य नोड, सगळे निरोप शेवटी त्याच्याकडे येतात. उपकरणं एकूण चौदा: पाच दिवे, दोन प्लग, सहा सेन्सर आणि हे कुलूप. मुख्य दाराला आत लाकडी झडप आणि बाहेर लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर. कुलूप लाकडी दारावर, चार एए सेलवर चालणारं, मोटरने बोल्ट सरकवणारं. बाहेरून आकड्यांची पाटी, शिवाय एक साधी किल्ली.

नियम एकच: रात्री ११ वाजता दार उघडं असेल तर बंद कर, आणि काय झालं ते मला फोनवर कळव. कुलूप घेतलंच त्यासाठी. माझी शिफ्ट दोन ते दहा असते. अंबडहून घरी यायला पावणेअकरा-अकरा होतात, आणि आईला दाराशी वाट बघत बसायची सवय आहे.

काल रात्री निरोप आला: बंद करता आलं नाही.

१२ जून, गुरुवार

सहा रात्रींत चारदा तेच. लॉगमध्ये ओळ एकच, कुलपाला आज्ञा पाठवली, उत्तर आलं नाही. सकाळी चहा घेताना फोनवरून दहा वेळा उघडलं, दहा वेळा लावलं. मोटर घर्रर्र करते, बोल्ट बाहेर, बोल्ट आत. एकही चूक नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, त्या दाराशी काय खेळ मांडलायस सकाळी सकाळी?"

दिवसा चालतं, रात्री चालत नाही. कारखान्यात यंत्र असं वागलं की आम्ही आधी व्होल्टेज बघतो. पायचं व्होल्टेज तपासलं. ४.६३ च्या खाली गेलं की पाय स्वतःच नोंद करतो, पण तशी एकही नोंद नाही. ॲडॅप्टर निर्दोष.

१५ जून, रविवार

पहिला संशयित सापडला असं वाटतंय. पायला एसएसडी (माहिती साठवणारी डिस्क) लावलीय ती निळ्या यूएसबी ३ च्या खाचेत, आणि डोंगल तिला चिकटून शेजारच्या खाचेत. यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतं, हे इंटेलने २०१२ सालीच लिहून ठेवलंय. झिगबी बोलते त्याच पट्ट्यात. म्हणजे ढोलताशाच्या पथकाशेजारी उभं राहून आपण कुजबुज ऐकायला बसलो होतो.

मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल आणली. डोंगल काळ्या यूएसबी २ च्या खाचेत लावून टीव्हीच्या मागून वर खिडकीच्या कठड्यावर नेऊन ठेवला. जाळ्याच्या नकाशात प्रत्येक जोडीशेजारी तिच्या दर्जाचा आकडा येतो, ० ते २५५. हॉलचा प्लग ६८ वरून १४० वर, स्वयंपाकघरातला सेन्सर ४१ वरून ११२ वर. पाच मिनिटांच्या कामाला हे फळ भरपूर आहे.

कुलपाचा आकडा मात्र जागचा हलला नाही. (नंतरची भर: का हलला नाही, हे तेव्हाच विचारलं असतं तर पुढचे चार आठवडे वाचले असते.)

१८ जून, बुधवार

काल आणि आज दोन्ही रात्री नापास. पण आज एक वेगळीच गंमत. मी साडेदहालाच घरी पोचलो होतो, दार ढकललं, आणि ते उघडंच. ॲपवर बघतो तर 'लॉक्ड'.

झिगबीच्या व्याख्येत कुलपाच्या स्थिती तीन आहेत: ० म्हणजे पूर्ण न लागलेलं, १ लागलेलं, २ उघडं. बोल्ट अर्ध्यात अडकला की ० यायला हवा. जुना इतिहास चाळला, तर दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी ० आलेला होता. माझ्या नियमात फक्त 'उघडं असेल तर' असं लिहिलेलं. तिसऱ्या स्थितीसाठी नियमच नाही. आणि ॲपवरचं 'लॉक्ड' हे माझ्याच हौशीचं फळ. सुंदर दिसावं म्हणून मी कुलपाची स्थिती दाखवणारं जे कार्ड ॲपमध्ये बनवलं होतं त्यात उघडं नसेल ते सगळं बंद, असा हिशोब होता.

नियम बदलला: 'लागलेलं नसेल तर'. कार्ड काढून टाकलं. आता तिन्ही स्थिती जशाच्या तशा दिसतात, आणि अडकलेली लाल रंगात.

बोल्ट मुळात का अडकतो, हा वेगळा प्रश्न. तो बाजूला ठेवतोय.

२२ जून, रविवार

आज काम थोडं, उद्योग फार. भावजी न्यू जर्सीहून आलेत. त्यांनी मोठ्या हौसेने तिकडचं झेड-वेव्ह कुलूप आणलंय. "तुझं ते सारखं बिघडतंय म्हणे, हे लाव." नाही कसं म्हणायचं?

पण लावायचं तरी कसं? झेड-वेव्ह ही झिगबीसारखीच दुसरी वायरलेस पद्धत, पण ती वेगवेगळ्या प्रदेशांत वेगळ्या वारंवारितेवर चालते. अमेरिकेत ९०८.४ मेगाहर्ट्झ, युरोपात ८६८.४, भारतात ८६५.२. आपल्याकडे ८६५ च्या आसपासचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. ९०८ मात्र मोबाइलच्या ९०० च्या पट्ट्यात येतं, ८९० ते ९१५ मध्ये फोन टॉवरशी बोलतात. म्हणजे हे कुलूप इथे चालू केलं तर ते दुसऱ्याच्या वाटेत उभं राहून बोलणार. कायद्यानेही चूक, शेजाऱ्यांच्या फोनलाही त्रास. आणि इथल्या बाजारातल्या कंट्रोलरला ते ऐकूच येणार नाही.

शिवाय तिकडच्या दारांना ५४ मिलिमीटरचं गोल भोक पाडलेलं असतं, हे कुलूप त्याच मापाचं. आमच्या दारावर आधी नाइट लॅच होता, तसलं भोक नाही.

भावजींना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे परत नेऊ?" आई म्हणाली, "राहू दे, पितळेचं दिसतंय, छान आहे." शोकेसमध्ये आहे.

२९ जून, रविवार

चॅनेलचा दिवस. आई सकाळच्या गाडीने ताईकडे डोंबिवलीला गेली, आठवडाभर. घर मोकळं, म्हणून जाळं आजच हलवायला घेतलं.

झिगबीचे चॅनेल ११ ते २६, पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर. ११ म्हणजे २४०५, २५ म्हणजे २४७५. वायफायचा एकेक चॅनेल वीस मेगाहर्ट्झ रुंद, त्यामुळे तो झिगबीच्या चारेक चॅनेलांवर ठाण मांडून बसतो. वायफायचा १ हा झिगबीच्या ११ ते १४ वर, ६ हा १६ ते १९ वर, ११ हा २१ ते २४ वर. मधल्या फटीत १५ आणि २०, आणि शेवटी २५, २६ मोकळे. झिगबीटूएमक्यूटीटी न सांगता ११ धरतं. मी बदललं नव्हतं. फोनवर वायफाय मोजणारं ॲप लावलं तर आमचा आणि शेजारचा, दोन्ही राउटर चॅनेल १ वर. शिवाय आमचा ४० मेगाहर्ट्झ रुंदीवर, म्हणजे दोघांची जागा एकट्याने अडवून.

शेजारी रात्री जेवून झाल्यावर मालिका बघत बसतात. पावणेअकरा. सगळं जुळत होतं! मनात मी त्यांच्यावर खटला भरून मोकळासुद्धा झालो होतो.

आमचा राउटर २० मेगाहर्ट्झवर आणला, चॅनेल ६ पक्का केला, झिगबी २५ वर नेली. २६ घेतला नाही, काही उपकरणं तिथे आवाज बारीक करतात. चौदापैकी अकरा उपकरणं पाच-दहा मिनिटांत आपसूक मागोमाग आली. दोन सेन्सर आणि कुलूप आलं नाही, ती हाताने जोडली.

जोडणीबद्दल एक गोष्ट लिहून ठेवतो. नवीन उपकरण जाळ्यात घेताना जाळ्याची किल्ली, म्हणजे निरोप गुप्त ठेवणारा संकेत, त्याला पाठवावी लागते, आणि ती गुंडाळायला वापरतात ती आरंभीची किल्ली जगजाहीर आहे: 'झिगबीअलायन्स०९'. सोळा अक्षरं, जुन्या झिगबी उपकरणांपासून चालत आलेली. म्हणजे जोडणी चालू असताना कोणी बाहेर कान लावून बसलं तर त्याला सगळं मिळेल. दिव्यांचं एक वेळ चालेल, कुलपाचं नाही. ज्या उपकरणांवर स्वतंत्र कोड छापलेला असतो त्यांना तो वापरावा. माझ्या कुलपावर तो नाही. म्हणून जोडणी उघडली, कुलूप आलं, लगेच बंद केली. दीड मिनिट.

रात्री ११ ला निरोप: दार बंद. पास.

२ जुलै, बुधवार

चार रात्री, चारही पास. चॅनेलच होता. शेजाऱ्यांना मनातल्या मनात माफ केलं.

३ जुलै, गुरुवार (खरं तर ४ ची पहाट)

पावणेअकरा, धो धो पाऊस, मी दाराबाहेर. आकड्यांच्या पाटीवर हात ठेवला तर दिवाच लागला नाही. पुन्हा ठेवला. मेलेलं. फोनवरून आज्ञा पाठवली, उत्तर नाही. सकाळी फोनवर बॅटरी ४५ टक्के बघून निघालो होतो.

किल्ली? देवघराशेजारच्या खिळ्याला. आत.

आई डोंबिवलीला. मागचं दार आतून कडी लावलेलं. रेनकोटमधून पाणी बुटात उतरत होतं, तेव्हा आठवलं की पाटीच्या खालच्या कडेला दोन बारीक गोल ठिपके आहेत, नऊ व्होल्टचा सेल टेकवायला. रात्री अकराला नऊ व्होल्टचा सेल कोण देणार? मग आठवलं, बॅगेत मल्टिमीटर आहे. त्याच्या पोटात तोच चौकोनी सेल असतो.

फोनचा टॉर्च दातांत धरला, मीटरचा पाठीचा स्क्रू काढला, सेल ओढून काढला. ठिपक्यांवर टेकवला. पाटीचे आकडे उजळले, मी कोड दाबायला लागलो, चौथ्या आकड्याला सेल ओल्या बोटांतून निसटला. दुसऱ्यांदा सेल अंगठ्याने दाबून धरला आणि करंगळीने आकडे दाबले. मोटरने घर्र केलं, थांबली, पुन्हा घर्र, आणि बोल्ट आत गेला. मल्टिमीटरचा सेल मी दोन वर्षांत बदललेला नाही. त्याचे उपकार आहेत.

साधी किल्ली आजपासून घराच्या बाहेर राहील. एक ऑफिसच्या लॉकरमध्ये, एक कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या काकांकडे.

४ जुलै, शुक्रवार

सेल काढून मोजले. १.०४, १.०२, १.०५ आणि चौथा ०.७१. चूक माझीच. जूनच्या पहिल्या आठवड्यात काटकसर म्हणून चार्जिंगचे सेल घातले होते. कुलपाच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय, फक्त अल्कलाइन.

अल्कलाइन सेल नवा असताना दीड व्होल्टचा, आणि वापरत गेलं की सावकाश उतरतो. कुलूप ह्याच उतारावरून टक्के काढतं. चार्जिंगचा निकेलवाला सेल बहुतेक काळ १.२ च्या आसपास सपाट चालतो आणि शेवटी कड्यावरून उडी मारतो. कुलपाला १.२ म्हणजे अर्धा संपलेला अल्कलाइन वाटतो. म्हणून ४५, ४५, ४५, आणि एकदम शून्य. टक्क्यांचा तो आकडा म्हणजे कुलपाने बांधलेला अंदाज होता, मी मोजमाप समजलो.

अल्कलाइन घातले. पण महिन्याभरात चार भरलेले सेल संपतातच कसे? कंपनी सहा महिने सांगते, ते सोडा, तीन तरी. इतिहास मोजला: जूनमध्ये 'पूर्ण न लागलेलं' ही स्थिती ६१ वेळा. आणि प्रत्येक वेळी कुलूप तीनदा जोर लावतं. बाजूला ठेवलेला प्रश्न समोर येऊन उभा राहिला.

६ जुलै, रविवार, आषाढी

आई आज सकाळी आली. आज उपास, साबुदाण्याची खिचडी, आणि दुपारी दाराचं काम.

बोल्ट नेमका कुठे अडतो ते डोळ्यांना दिसत नाही, कारण दार लागल्यावरच अडतो. आईच्या करंड्यातलं कुंकू तेलात कालवून बोल्टच्या टोकाला लावलं, दार लावलं, बोल्ट फेकला, दार उघडलं. चौकटीतल्या पत्र्याच्या पट्टीवर भोकाच्या खालच्या काठावर लाल चंद्रकोर. बोल्ट दोन-अडीच मिलिमीटर खाली लागतोय. आई बघत होती. "दाराला कुंकू लावलंस, आता हळदही लाव."

रात्री ११: नापास.

आठवडाभर पास आणि आज नापास. चॅनेल २५, सेल नवे, सगळं तेच. झोप लागली नाही.

९ जुलै, बुधवार

सुतारकाका येऊन गेले. मी आधीच निदान सांगून टाकलं: पावसात लाकूड फुगलंय, रंधा मारा. त्यांनी दार दोन बोटांनी उचलून बघितलं, बिजागरीकडे कान नेला आणि म्हणाले, "फुगलंय थोडं. पण बसलंय जास्त." वरच्या बिजागरीचे स्क्रू लाकडात फिरत होते. कुलूप, मोटर, सेल असं वजन आपण दारावर वाढवलं, त्याचाही वाटा असेलच. त्यांनी लांब स्क्रू मारले, पट्टीचं भोक खालच्या बाजूने कानशीने दीड मिलिमीटर वाढवलं. रंधा काढलाच नाही. "पावसाळ्यात रंधा मारला की उन्हाळ्यात फट पडते साहेब. मग मलाच बोलावता."

आता दार हाताने न ओढता बोल्ट जातो. मोटरचा आवाजही बदललाय, आधी रडल्यासारखा यायचा. अडकण्याचा प्रश्न संपला. अकराचा प्रश्न तसाच. काल नापास, परवा नापास.

१३ जुलै, रविवार

सापडलं.

सॉफ्टवेअर प्रत्येक उपकरणाची 'शेवटचं कधी बोललं' ही वेळ ठेवतं. मी ती कधी उघडून बघितली नव्हती. सेलवरचं उपकरण बहुतेक वेळ झोपलेलं असतं, त्यामुळे ते गप्प झालं तरी सॉफ्टवेअर त्याला २५ तासांपर्यंत गैरहजर म्हणत नाही. विजेवरच्या उपकरणाला दहा मिनिटांत विचारणा होते. पण ही हजेरी घेणंच मी बंद ठेवलं होतं, फोनवर उगाच निरोप नकोत म्हणून.

आज चौदाही उपकरणांच्या वेळा दर मिनिटाला फाइलमध्ये लिहून घेतल्या, आठवडाभराच्या जुन्या नोंदीतूनही जमतील तेवढ्या काढल्या, आणि एका खाली एक लावल्या. कुलूप रात्री १०.३८ ला गप्प, सकाळी ५.५२ ला बोलकं. आदल्या रात्री १०.४४, सकाळी ६.०५. त्याच्या आदल्या रात्री १०.४१. आणि त्या प्रत्येक मिनिटाला, अगदी त्याच मिनिटाला, दुसरं एक उपकरण गप्प झालेलं: पॅसेजचा दिवा.

झिगबीत सेलवरचं उपकरण थेट मुख्य नोडशी बोलेलच असं नाही. ते जवळचं विजेवर चालणारं एखादं उपकरण 'पालक' म्हणून धरतं. पालक त्याचे निरोप पुढे नेतो, आणि ते झोपेत असताना त्याच्यासाठी आलेला निरोप साडेसात सेकंदांच्या आसपास सांभाळून ठेवतो. स्मार्ट दिवा हा नुसता दिवा नसतो, तो असा निरोप्याही असतो. आमच्या कुलपाचा पालक पॅसेजचा दिवा. मुख्य नोड हॉलच्या पलीकडल्या कोपऱ्यात, मध्ये दोन विटांच्या भिंती. दिवा गेला की कुलपाला दुसरं कोणी ऐकू येत नाही.

डोंगल हलवून कुलपाचा आकडा का बदलला नाही तेही कळलं. तो आकडा दिवा आणि कुलूप यांच्यामधला होता. आणि आई डोंबिवलीला होती त्या रात्री सगळं पास का, तेही.

१४ जुलै, सोमवार

आज सुट्टी टाकून रात्री हॉलमध्ये पुस्तक घेऊन बसलो. साडेदहाला आई उठली. गॅसचा नॉब, मग खाली वाकून रेग्युलेटर. नळ हाताने घट्ट केला. देवापाशी हात जोडले. मोरीचा दिवा. मग पॅसेजमध्ये आली, कुलपावर हात ठेवून एकदा ओढून बघितलं, आणि जाता जाता बोर्डावरचं पहिलं बटण: टक.

फोनवर बघितलं. १०.४३.

पन्नास वर्षांची फेरी आहे ही. ह्यात चूक काय? दिवा लागला नसला तरी बटण चालू ठेवायचं, हे कोणत्या घरात कोणी कोणाला शिकवलंय? "आई, ते बटण बंद नको करूस," म्हणालो. "का रे? रात्रभर दिवा जाळायचा?" "दिवा बंदच असतो, नुसतं बटण चालू." तिने माझ्याकडे बघितलं ते मला लिहिता येणार नाही.

१५ ते १९ जुलै

बटणावर चिकटपट्टी लावली. १५ ला आईने पाळलं. १६ ला कामाच्या मावशींनी बोर्ड पुसताना काढली. १७ ला पुन्हा लावली, वर मार्करने 'बंद करू नये' लिहिलं. १८ ला आई सवयीने पट्टीवरूनच दाबून गेली. १९ ला मीच काढून टाकली. बोर्ड रुग्णालयासारखा दिसत होता.

२० जुलै, रविवार

घराने सवय बदलायची नाही, वायरिंग बदलायचं.

स्मार्ट दिवा काढून होल्डरमध्ये साधा एलईडी लावला. बोर्डाच्या मागे काडेपेटीएवढं झिगबी रिले मॉड्यूल बसवलं. आधी एमसीबी पाडला, टेस्टर दोनदा लावून बघितला. त्याच बोर्डात सॉकेट असल्यामुळे न्यूट्रल हाताशी होता. नुसत्या बटणांच्या बोर्डात तो बहुतेक मिळत नाही, तिथे हे काम इतकं सोपं नाही. मॉड्यूलला फेज आणि न्यूट्रल थेट, त्यामुळे ते चोवीस तास जागं. भिंतीवरचं बटण आता वीज तोडत नाही, मॉड्यूलला फक्त इशारा देतं, आणि दिवा मॉड्यूल लावतं किंवा घालवतं.

जुन्या बोर्डाची पेटी उथळ. वायरी कोंबून झाकण बसवताना तीनदा उघडावं लागलं, डाव्या अंगठ्याला पत्रा लागला.

कुलूप लगेच नव्या पालकाकडे गेलं नाही. जुन्या दिव्याची वाट बघत राहिलं असावं. त्याचे सेल काढून पाच मिनिटांनी घातले, तेव्हा मॉड्यूलखाली आलं. आकडा १७६.

रात्री आई फेरीला आली. टक. दिवा गेला. ११ वाजता निरोप: दार बंद.

२७ जुलै, रविवार

सहा रात्री पास. मग काल साडेनऊला वीज गेली ती ११.२० ला आली. इन्व्हर्टर हॉलचे दिवे-पंखे सांभाळतो, टीव्हीचा कोपरा त्यावर नाही. वीज आल्यावर दोन गोष्टी झाल्या. उरलेले चारही स्मार्ट दिवे एकदम पूर्ण उजेडात लागले. सुरुवातीला काय करायचं हे न सांगितल्यास ते 'लागायचं' ठरवतात. आई दचकून उठली. ते सेटिंग 'आधी होतं तसं' केलं, पाच मिनिटांचं काम.

दुसरी गोष्ट, ११ चा नियम ११ ला चाललाच नाही. पाय ४ मध्ये वीज गेल्यावर वेळ सांभाळणारं घड्याळ नाही. उठल्यावर तो शेवटची लिहून ठेवलेली वेळ धरतो आणि नेट आलं की दुरुस्त करतो. आमचा नेटचा डबा पायपेक्षा सावकाश उठतो. तोवर पाय रात्रीचे साडेनऊच समजत होता. उपाय दोन केले. डीएस३२३१ घड्याळाचं छोटं मॉड्यूल पायच्या पिनांवर लावलं, त्यात नाण्यासारखा सेल असतो. आणि एक जादा नियम: होम असिस्टंट सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी, रात्रीची वेळ असेल तर, कुलूप एकदा बघून घे.

पायचा कोपरा इन्व्हर्टरवर घ्यायला वायरमनला सांगितलंय. 'उद्या येतो' म्हणालाय.

२४ ऑगस्ट, रविवार

रात्री ३५, नापास एक, तीही २६ जुलैची विजेची. ऑगस्टमध्ये 'पूर्ण न लागलेलं' चार वेळा, तीही मुसळधार पावसाच्या आठवड्यात. सेल ८० टक्के, आणि ह्या वेळी मीटरने मोजूनही तेवढेच वाटतात.

बुधवारी गणपती. ताई, भावजी आणि डोंबिवलीची फौज येणार, सगळ्यांना किल्ल्या कुठून देऊ? कोड कुलपाच्या पोटातच राहतात, पाय बंद असला तरी चालतात, म्हणून पाहुण्यांसाठी एक वेगळा कोड घातला. विसर्जनानंतर तो काढायचा, ह्याची आठवण फोनमध्ये. मावशींचा कोड वेगळा, सकाळी ७ ते १० पुरता. त्यांनी तो पाठ केलाय, पण तरीही बेल वाजवतात आणि आई दार उघडते.

वायरमन अजून आलेला नाही.

पुढचं काम गच्चीच्या दाराचा सेन्सर. पाऊस आत येतो तेव्हाच नेमका गप्प असतो. नकाशा उघडला, त्याचा पालक बघितला: जिन्यातला दिवा. त्या बोर्डात सॉकेट नाही.